ओहोटीची शाळा



व्याख्यानमालेची पत्रिका वाचून काल एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांला रस्त्यातच गाठले आणि विचारले, "अहो, इथून समुद्र सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांहून लांब. आमच्यातल्या निम्म्या माणसांनी तो पाहिलेला नाही. आणि तुम्ही किनाऱ्यावरच्या निसर्गनिरीक्षकांचे शिक्षण घेऊन आलात! त्यापेक्षा ऊसतोडणीच्या दरावर बोलला असता तर चार माणसे जास्त आली असती." प्रश्न रास्त आहे. परंतु दरावर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि वसंतातल्या या संध्याकाळी माणसाने थोडे लांबचे पाहावे म्हणूनच अशा व्याख्यानमाला आपल्याकडे रुजल्या, अशी आमची समजूत आहे. शिवाय आजच्या विषयाचा आणि ऊसतोडणीच्या कोपीचा संबंध आहे. तो कसा, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे शिक्षण मुंबईच्या बंदरात ओझी उचलताना, युनियनच्या कचेरीत अर्ज लिहिताना, आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. बंदरात काम नसलेल्या दिवशी आम्ही मंडळी किनाऱ्यावर जाऊन बसत असू. पाणी पाहत असू, पण त्या पाण्याखाली काय आहे हे विचारण्याचे कुणाच्या डोक्यात येत नसे. मुंबईकराला समुद्र म्हणजे वारा खाण्याची जागा. कोळ्यांना तो त्यांचे शेत आहे. तिसरीही एक दृष्टी असू शकते, म्हणजे त्यातल्या जिवांची नीट ओळख करून घेण्याची, हे आम्हांला पन्नाशीच्या जवळ आल्यावर समजले. २०१७ साली मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने काही मंडळींनी एक उपक्रम सुरू केला. त्यात प्रदीप पाताडे हे एक. ओहोटीच्या वेळी सामान्य नागरिकांना किनाऱ्यावर न्यायचे, खडकांतल्या डबक्यांत काय राहते ते दाखवायचे, आणि जे दिसेल त्याची नोंद करायची, असा त्यांचा साधा क्रम. अशा फेऱ्यांना आम्ही जाऊ लागलो. फेरीला आलेल्यांतूनच पुढे काही जण फेरी नेणारे होतात. त्याला कुणी पदवी विचारत नाही. आम्हांसारख्या सातवी पास माणसाला यातच मोठी गंमत वाटली.

या शिक्षणातला पहिला धडा कोणत्याही प्राण्याचा नव्हे. पहिला धडा वेळेचा. किनारा ही अशी शाळा आहे की तिची घंटा रोज पाऊण तास उशिरा वाजते. आज सकाळी सहाला ओहोटी असेल तर उद्या पावणेसातच्या पुढे, परवा साडेसाताच्या पुढे. चंद्र रोज तेवढाच उशिरा माथ्यावर येतो, म्हणून पाणीही तेवढेच उशिरा येते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि दोहोंमध्ये सहा तासांच्या थोडे वर अंतर. छापील कोष्टके मिळतात, पण कोळ्यांचा हिशेब तोंडचा आहे, आणि तो तुम्ही इथे घाटनांदूरला बसूनही करू शकता. पंचांगातली तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्या दिवशी दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास पाणी चढणार आणि सकाळ-संध्याकाळ ते उतरणार. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तो धरून चालायचा. आमच्या खेड्यातल्या आजीबाईला एकादशी कधी हे ठाऊक असते. त्याच ज्ञानाने तिला मुंबईच्या समुद्राची वेळ सांगता येईल, हे तिला कुणी सांगितलेले नसते इतकेच.

पण सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात, म्हणून पाणी फार चढते आणि फार उतरतेही. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, म्हणून चढउतार कमी. त्याला भांग म्हणतात. निसर्गनिरीक्षकाने जावे ते उधाणाच्या ओहोटीला, कारण एरवी पाण्याखाली झाकलेली जमीन तेवढ्या दोन तासांपुरती उघडी पडते. आणि पाणी वळण्याच्या आधी परतावे. खडकावर माणूस खाली मान घालून शंख पाहत असतो आणि मागच्या खळग्यातून पाणी वाट अडवते. म्हणून चांगला शिक्षक नवख्याच्या हाती आधी घड्याळ देतो, भिंग नंतर.

दुसरा धडा हातांचा. ओहोटीच्या डबक्यातला दगड उलटला की त्याखाली एक वस्तीच सापडते. खेकड्याची पिल्ले, किडे, गोगलगायी, क्वचित एखादा चिमुकला तारामासा. दगड उलटला तसाच पुन्हा पालथा घातला पाहिजे, हळूच, त्याच जागी. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात दहा-पंधरा मिनिटेही टिकत नाहीत. आम्ही बंदरात माल चढवायला-उतरवायला शिकलो तेव्हा जुन्या मुकादमाने पहिली ताकीद दिली होती, ती हीच: उचलण्याआधी ठेवायची जागा पाहा. फेऱ्यांना येणारी मुले उचलायला उत्सुक असतात, ठेवायला नसतात. शिक्षण मुख्यतः ठेवण्याचे आहे. शंख जिवंत दिसला तर त्याला हात लावायचाच नाही. काही शंखांच्या आत विषारी काटा असतो आणि तो कातडीत शिरतो. वाळूत पाय ओढत चालायचे, कारण पाकट नावाचा चपटा मासा उथळ पाण्यात वाळूखाली पडून राहतो. पाय घासत गेला तर तो निघून जातो, पाय थेट त्याच्यावर पडला तर शेपटीचा काटा मारतो. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर कितीतरी माणसांना पाकटांनी काटे मारले, रुग्णालये गाठावी लागली. त्या गर्दीतल्या माणसांना पाय कसा टाकावा हे कुणी आधी सांगितलेले असते, तर बरेच दुखणे टळले असते.

तिसरा धडा नावांचा, आणि इथे आम्हांला थोडे थांबायचे आहे. किनाऱ्यावर नाव विचारले की दोन प्रकारची उत्तरे येतात. सुशिक्षित माणूस पुस्तकातले लॅटिन नाव सांगतो. कोळीण आपले नाव सांगते. चिखलावर उड्या मारणाऱ्या, पाण्याबाहेरही श्वास घेणाऱ्या माशाला ती निवटी म्हणते. खडकाला चिकटलेली ती कालवे, वाळूत पुरलेल्या त्या तिसऱ्या, काळा रस सोडून पळणारे ते माकूळ. खाण्याच्या जिवांना नावे भरपूर आहेत. जे खाण्याचे नाही, विकण्याचे नाही, त्याला बहुधा नावच नाही, किंवा सगळ्यांना मिळून एकच. पाण्यात फुलासारख्या उमलणाऱ्या आणि बोट लावताच मिटणाऱ्या प्राण्याला कुणी समुद्रफूल म्हणतो, पण त्याच्या दहा जातींना दहा नावे आमच्या भाषेत नाहीत. मारुती चितमपल्ली यांनी रानात आयुष्य काढून आदिवासींच्या, पारध्यांच्या, गुराख्यांच्या तोंडची नावे गोळा केली, आणि मराठीला 'पक्षीकोश' दिला. समुद्राचा तसा कोश अजून हवा आहे. तो एका माणसाच्या हातून होणार नाही. सातशेवीस किलोमीटर किनारा असे आपण शाळेत शिकलो. तेवढ्या किनाऱ्यावर बंदरोबंदर नावे बदलतात. हे काम प्राध्यापकांपेक्षा बाजारात मासळीवालीपाशी उकिडवे बसून विचारणाऱ्या स्वयंसेवकालाच अधिक जमेल, असे आमचे मत आहे.

आता चौथा धडा, म्हणजे वहीचा. युनियनवाल्या माणसाला हा लगेच कळतो. कामगार न्यायालयात कितीही खरे बोला, हजेरीपटावर नाव नसेल तर तुम्ही त्या कारखान्यात कधी कामाला नव्हतातच! आमच्या उमेदीच्या काळात बारा-बारा वर्षे राबलेली माणसे एका कागदाअभावी रिकाम्या हाती परत गेलेली आम्ही पाहिली आहेत. समुद्रातल्या जिवांचेही तसेच आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर घाणीशिवाय काही उरलेले नाही, असे शहाणीसुरती माणसेही म्हणत. तिथे प्रवाळ आहेत, म्हणजे पोवळ्यांच्या जातीचे जिवंत प्राणी आहेत, हे सांगितले तर हसत. परंतु नोंदी झाल्या, तारीख, जागा आणि छायाचित्र यांसह झाल्या. पुढे सागरी किनारा मार्गाचे काम निघाले तेव्हा वरळी आणि हाजी अली येथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. रस्ता व्हावा की न व्हावा, हलवलेले प्रवाळ दीर्घकाळ जगतात की नाही, यावर वाद घालणारे घालोत. आमचा मुद्दा एवढाच की ज्यांचे नाव पटावर होते त्यांच्याबद्दल निदान प्रश्न तरी विचारला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत. पण कायद्यालाही साक्षीदार लागतो.

या साक्षीदारीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ माणसे जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. सहा इंग्रज आणि दोन आपले. त्यांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष, आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्य आणि वनस्पतींचे जाणकार, रखमाबाईंचे सावत्र वडील. इंग्रजांतले एटकेन जकात आणि मीठ खात्यात नोकरीला होते. दिवसा मिठागरे तपासायची आणि उरलेल्या वेळी किडे-पाखरे पाहून लिहायचे, असा त्यांचा क्रम. पुढल्याच वर्षी या मंडळींना बसायला जागा दिली ती फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने, आपल्याच दुकानाच्या जागेत. (दारूच्या दुकानातून निघालेले एवढे शुद्धीवरचे काम दुसरे आमच्या ऐकिवात नाही.) सांगायचे असे की देशातल्या या मोठ्या संस्थेचा आरंभ फावल्या वेळच्या माणसांनी केला.

आणि सलीम अली! त्यांना जग पक्षितज्ज्ञ म्हणून ओळखते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात माहिती देणारे व्याख्याते म्हणून ते नोकरीला होते. शिकण्यासाठी बर्लिनला गेले, आणि १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. आमच्या भाषेत सांगायचे तर कमी केलेला कामगार. मग ते अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या घरात जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीचे ते दिवस त्यांनी त्या घरट्यांकडे पाहण्यात घालवले. पाहिले काय, तर घरटे विणतो नर. अर्धे झाले की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडले तर ती राहते, नर ते पुरे करतो आणि शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आमच्या भाषेने त्या पक्ष्याचे नाव सुगरण ठेवले आणि सगळे श्रेय बाईला दिले. विणणारा मात्र बाप्या निघाला. जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलटा अन्याय होतो, त्यामुळे हा एवढा चालवून घ्यायला आमच्या भगिनींची हरकत नसावी. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. आपल्या मुलांना रझाकारांचा इतिहास ठाऊक असतो, आणि असायलाच हवा, पण हेही ठाऊक असावे.

आता वेळासची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे लहानसे गाव आहे, नाना फडणविसांच्या घराण्याचे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसे भाऊ काटदरे यांच्याबरोबर २००२ साली समुद्री गरुडाची घरटी शोधत किनाऱ्याने फिरत होती. वेळासच्या वाळूत त्यांना अंड्यांची टरफले दिसली. ती ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवाची. चौकशी केली तेव्हा कळले की कासविणी येतात, अंडी घालतात, आणि ती अंडी माणसे काढून नेतात. उरलेली कोल्ही-कुत्री खातात. गावकऱ्यांना यात काही वावगे वाटत नव्हते. वाडवडिलांपासून चालत आलेले. अशा ठिकाणी शहरातला माणूस बहुधा उपदेश करतो आणि परत जातो. इथे ती मंडळी थांबली. गावातलीच माणसे मानधनावर राखणीला घेतली. वाळूवरचा माग कसा ओळखावा, हे त्या माणसांना कुणी शिकवावे लागले नाही. अंडी काढणाऱ्या गावाला घरटे सापडण्याची विद्या आधीच अवगत होती. विद्या तीच राहिली, तिचा उपयोग पालटला.

पण काही नवे शिकावे लागले, आणि ते आम्ही तिथे प्रत्यक्ष पाहिले, म्हणून सविस्तर सांगतो. कासवीण रात्री वाळूवर चढते, मागल्या वल्ह्यांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या वर अंडी घालते, वाळू लोटते, आणि समुद्रात जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. पहाटे राखणदार तिच्या येण्या-जाण्याचा माग पाहतो. त्या मागाच्या वळणावरून तो काठीने वाळू चाचपतो. जिथे वाळू भुसभुशीत लागते तिथे हाताने उकरतो. आता अंडे उचलायचे ते जसे पडले आहे तसेच, फिरवायचे नाही. अंडे घातल्यावर थोड्याच तासांत आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. नंतर ते उलटे झाले तर तो मरतो. म्हणून हे काम सूर्य वर येण्याआधी, आणि नवख्याच्या हाती न देता. अंडी कुंपणाच्या आत नेऊन तेवढ्याच खोलीच्या, त्याच आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. वर पाटी लावतात: तारीख, अंड्यांची संख्या. पुन्हा पाहा, हजेरीपटच! पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळू खचते आणि पिल्ले वर येतात. त्यांना हातात घेऊन लाटेत सोडायचे नाही. वाळूवर सोडायचे आणि त्यांना चालू द्यायचे. ती उजेडाकडे जातात. पूर्वी किनाऱ्यावर सर्वांत उजळ असे ते समुद्राकडचे आकाशच. आता हॉटेलांचे दिवे त्याहून उजळ झाले, म्हणून मोसमात दिवे आवरावे लागतात. आणखी एक चमत्कार म्हणजे नर की मादी हे अंड्यात ठरत नाही, वाळूच्या उष्णतेने ठरते. वाळू अधिक तापली की माद्या अधिक, निवलेली असली की नर. जग तापते आहे याचा परिणाम पिकांवर काय होतो ते आपण शेतकऱ्यांची मुले जाणतो. तिथे तो थेट पाळण्यात होतो.

पुढे वेळासला कासव महोत्सव भरू लागला, लोक येऊ लागले. ते हॉटेलात नव्हे, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या घरचे जेवतात. मग आंजर्ले, गुहागर अशी इतर गावे या कामात आली, वनखाते आले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवून तिला सोडले. पश्चिम किनाऱ्यावरची ती पहिली, म्हणून नाव प्रथमा. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री केरळ, श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ साली ओडिशात खूण केलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे वेगळी, असे जे वाटत होते, त्याला धक्का बसला. तो बसला कशामुळे? एका राखणदाराने पहाटे कासविणीच्या वल्ह्यावरचा धातूचा बिल्ला पाहिला आणि त्यावरचा आकडा लिहून घेतला. आपल्या गावाचे पावसाचे पाणी ओढ्यांतून गोदावरीला आणि गोदावरीतून त्याच बंगालच्या उपसागराला जाते. आपण कोकणच्या समुद्राचे पाहुणे असू, पण त्या दुसऱ्या समुद्राचे आपण वरच्या आळीतले शेजारी आहोत. आपण नदीत काय सोडतो हे त्याला भोवते.

आता ज्यासाठी आम्ही उभे राहिलो तो मुद्दा. युनियनचा माणूस 'स्वयंसेवक' हा शब्द ऐकला की कान टवकारतो. फुकट राबवून घ्यायचे असले की मालक लोक सेवा, त्याग, समर्पण हे शब्द बाहेर काढतात. कोकणात एका ठिकाणी, नाव सांगण्याचे कारण नाही, गरीब घरची चार मुले रात्र-रात्र किनारा फिरत होती. त्यांना चहाही मिळत नव्हता, आणि प्रमाणपत्र देऊ असे सांगितले होते. आम्ही चालकांना विचारले की या पहाऱ्याचा पगार काय? ते म्हणाले, हे निसर्गप्रेमाचे काम आहे. आमचे त्यावर म्हणणे असे: जे काम माणूस वाटेल तेव्हा करतो आणि वाटेल तेव्हा सोडतो, ती सेवा. जे काम रोज ठरल्या वेळी झालेच पाहिजे, एक रात्र चुकली तर अंडी जातील, ती नोकरी, आणि नोकरीला वेतन पाहिजे. रविवारी सकाळी किनाऱ्यावर जाऊन नोंदी करणारा कारकून स्वयंसेवक आहे. त्याला पैसे द्याल तर त्याचा अपमान होईल. नोव्हेंबर ते मार्च रोज पहाटे चारला उठणारा राखणदार कामगार आहे. त्याला पैसे दिले नाहीत तर तोही अपमानच. वेळासचा प्रयोग टिकला याचे श्रेय लोक भावनेला देतात. आम्ही ते मानधनाला आणि पाहुण्यांच्या जेवणाच्या पैशाला देतो. भावना होतीच, पण भावनेच्या पोटात काहीतरी पडत होते.

याच न्यायाने एक सरकारी निर्णय आम्हांला आवडला. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी सापडला तर कोळ्याने जाळे कापून त्याला सोडावे, हे सांगणे सोपे. जाळे कुणाचे? त्याचे. २०१८ च्या डिसेंबरापासून महाराष्ट्रात अशा फाटलेल्या जाळ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. सोडतानाचे छायाचित्र दाखवावे लागते. कोळ्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे, त्यामुळे तोही आता नोंद करणारा निरीक्षक झाला. आणि सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. मासळीशी ज्यांचा जन्माचा संबंध त्या या बायका २०१७ पासून झाडांच्या जाती सांगतात, चिखलातून वर आलेली श्वासमुळे दाखवतात, पक्षी ओळखतात, आणि त्याचे पैसे घेतात. शिक्षण त्यांनाही घ्यावे लागले. ज्याला लोक खारट चिखलातले झुडूप म्हणून तोडत, त्याच झाडाला, पांढऱ्या चिप्पीला, २०२० साली राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

तुम्ही म्हणाल, हे कोकणचे झाले, आमचे काय? सांगतो. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून कोयते निघतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात आपली माणसे पाचटाच्या कोपीत राहतात. तिथल्या उसात बिबट्या राहतो, तिथेच वितो. तोडणी चालू असताना फडात पिल्ले सापडतात. नवखा माणूस कुतूहलाने ती उचलतो, किंवा घाबरून मारायला धावतो, आणि रात्री त्यांची आई कोप्यांभोवती फिरू लागते. जाणता माणूस काय करील? पिल्लांना हात न लावता तोडणी थांबवील, टोळीला बाजूला नेईल, वनखात्याला कळवील. ती माणसे पिल्ले त्याच जागी ठेवतात आणि आई अंधारात येऊन घेऊन जाते. असे पुष्कळदा झाले आहे. हे ज्ञान टोळीतल्या एका माणसाला असले तर बारा कोयत्यांची मुले रात्री निर्धास्त झोपतील. वेळासच्या राखणदाराला मिळते तसे चार दिवसांचे शिक्षण प्रत्येक टोळीतल्या एकाला मिळावे, ते हंगामाआधी मिळावे, आणि त्या चार दिवसांची मजुरी बुडू नये, ही मागणी आम्ही मांडणार आहोत. उचल किती, दर किती, याच्या बरोबरीने ही मागणी कागदावर आली पाहिजे. निसर्गाची ओळख ही ज्याचे पोट भरले आहे त्याची हौस आहे, असे ज्याला वाटते त्याने एक रात्र कोपीत काढावी.

आणि ज्यांना टोळीत जायचे नाही, गावातच राहायचे आहे, त्यांनाही शाळा उघडी आहे. धनेगावचे मांजरा धरण आपल्यापासून फार लांब नाही. कार्तिकात त्याच्या काठी शेपूट हलवणारे धोबी पक्षी येतात, चैत्रापर्यंत जातात. ते पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसले आणि शेवटी कधी दिसले, एवढेच लिहा. दहा वर्षे लिहा. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे, तिथे शाळेच्या सहली जातात आणि मोर दिसला-नाही दिसला म्हणून परत येतात. एकाने तरी झाडे मोजावीत. वही कोणतीही चालते. चार रकाने पुरेत: तारीख, जागा, काय पाहिले, कुणी पाहिले. न दिसले तर 'दिसले नाही' हेही लिहायचे, कारण रिकामा रकाना आणि 'नाही' हा शब्द यांत न्यायालयातही फरक करतात. आणि अंदाज लिहिताना 'अंदाजे' हा शब्द गाळायचा नाही.

माघ-फाल्गुनात कासवांच्या मोसमाला काही मंडळींनी मिळून कोकणात जावे, असा आमचा विचार आहे. मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, जेवणाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे आणि घासाघीस करायची नाही. जाण्याचा दिवस आम्ही पौर्णिमेच्या मागेपुढे धरू, म्हणजे सकाळी उधाणाची ओहोटीही पदरात पडेल. सातवीच्या पुढची मुले बरोबर असली तर उत्तम, मुलीही. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाताना व्याख्यानमालेच्या चिटणिसांकडे नाव लिहावे. बरोबर पंचांग, विजेरी, पाण्याची बाटली आणि जुने बूट आणावेत. विजेरीला लाल कागद गुंडाळावा, कासविणीला पांढरा उजेड चालत नाही. आणि बूट जुनेच असावेत, कारण खाऱ्या पाण्याने त्यांची शिवण महिन्याभरात उसवते.